वडिलांची गुठळी काढली, मग काकांना स्टेंट का नको म्हणतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांना स्ट्रोक झाला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तीन तासांच्या आत हॉस्पिटलात पोचले, जांघेतून नळी घालून मेंदूतली गुठळी काढली आणि आज ते स्वतःच्या पायांनी फिरतात, बोलतात. आता काकांचं आलंय: वय ६३, मधुमेह, बीपी. दोनदा हात काही मिनिटं बधिर होऊन आपोआप बरा झाला. अँजिओग्राफीत मेंदूच्या आतल्या धमनीत ७५ टक्के अडथळा दिसला, आणि डॉक्टर म्हणतात, ‘स्टेंट नको, गोळ्या घ्या.’ दुसऱ्या एका हॉस्पिटलात मात्र ‘बलूनच्या अभ्यासात नाव घालता का?’ असं विचारलंय. तुम्ही विचारता: एकाला धावतपळत कॅथलॅबमध्ये (नळी घालून उपचार करतात त्या खोलीत) नेलं आणि दुसऱ्याला गोळ्यांवर का ठेवलं? खर्चाचा प्रश्न नाही. आणि हा अभ्यास म्हणजे काकांवर प्रयोग तर नाही ना?

काकांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तरी तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून सांगतो: त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला मला पटतो. कॅथलॅब तीच, नळ्या त्याच, बरेचदा डॉक्टरही तोच; आजार मात्र दोघांचा वेगळा आहे. आणि कुठल्या आजारात नळी घालायची हे आमच्या हाताच्या कसबावरून ठरलेलं नाही. हजारो रुग्णांनी भाग घेतलेल्या चाचण्यांवरून ठरलंय, आणि त्यातल्या बऱ्याच चाचण्यांनी आम्हा नळीवाल्यांचे दात आमच्याच घशात घातले आहेत.

वडिलांच्या बाबतीत बहुधा असं झालं असणार: हृदयात किंवा मानेत तयार झालेली गुठळी वाहत वर गेली आणि मेंदूच्या मोठ्या धमनीत जाऊन अडकली. धमनीची भिंत बऱ्यापैकी धड होती. अशा वेळी आम्ही बारीक नळी गुठळीच्या पलीकडे नेतो, जाळीचा रिट्रीव्हर तिथे उघडतो, दोन-चार मिनिटं थांबतो म्हणजे जाळी गुठळीत रुतते, मग मागून सक्शन लावून सगळं एकदम बाहेर ओढतो. टेबलावरच्या गॉझवर काळपट लाल, भाताच्या शितापासून बोटाच्या पेरापर्यंत कितीही लांबीचा तुकडा येतो. जाळी बाहेर, गुठळी बाहेर, आत काहीच उरत नाही.

काकांच्या धमनीत वाहून आलेलं काही नाही. तिथल्या भिंतीतच वर्षानुवर्षं चरबी आणि चुना साठून मार्ग चिंचोळा झालाय. ओढून काढण्यासारखं तिथे काही नाही. करायचंच तर भिंत फाकवायची आणि जाळी कायमची आत ठेवायची. हा आजार आपल्याकडे, एकूणच आशियात, गोऱ्या लोकांपेक्षा जास्त दिसतो, म्हणून तुमचा प्रश्न एकट्या तुमच्या घरचा नाही.

गुठळी काढण्याचा फायदा आज इतका उघड वाटतो, की ही पद्धत एकदा जवळजवळ निकालात निघाली होती हे नव्या डॉक्टरांनाही खरं वाटत नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत होनोलुलूला स्ट्रोकची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे एका पाठोपाठ तीन चाचण्यांचे निकाल आले: आयएमएस ३, सिंथेसिस आणि एमआर रेस्क्यू. तिन्हींत नळी हरली. आयएमएस ३ मध्ये ६५६ रुग्ण होते. नुसतं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ३८.७ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे होते, आणि इंजेक्शनवर नळीही वापरली त्यांच्यात ४०.८ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. पुढे जाऊन काही हाती लागणार नाही हे दिसल्यामुळे ती चाचणी मध्येच थांबवली होती.

त्या वेळी बऱ्याच जणांनी ‘नळीत राम नाही’ असं म्हणून फाइल बंद केली. ज्यांनी निकाल नीट वाचले त्यांना तीन गोष्टी खटकल्या. एक तर पहिल्या दोन चाचण्यांत गुठळी मोठ्या धमनीत आहे की नाही हे आधी सीटी अँजिओ करून पाहणं बंधनकारकच नव्हतं. म्हणजे ज्यांच्यात काढायला गुठळीच नव्हती असे लोकही नळीच्या गटात होते. दुसरं, वापरलेली साधनं बहुतेक जुन्या पिढीची होती. आजचा जाळीचा रिट्रीव्हर अगदी मोजक्या रुग्णांत वापरला गेला होता. आणि तिसरं म्हणजे वेळ. धमनी उघडेपर्यंत इतका उशीर व्हायचा, की आतला मेंदू तोवर गेलेला असायचा. स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, हा हिशेब अमेरिकी मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्येच मांडला होता.

आणखी एक अडचण कागदावर दिसत नाही, पण या धंद्यातल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. अमेरिकेत डॉक्टरला चाचणीबाहेरही नळी वापरता येत होती. चाचणीत कुणाला नळी आणि कुणाला नाही हे चिठ्ठी टाकून ठरतं; मग ज्या रुग्णाला नक्की फायदा होईल असं वाटायचं त्याला चिठ्ठीच्या भरवशावर कोण सोडणार? त्याला सरळ कॅथलॅबमध्ये न्यायचे, आणि जिथे स्वतःलाच खात्री नाही असे रुग्ण चाचणीत जायचे. अशा चाचणीचा निकाल मिळमिळीतच येणार.

डच लोकांनी हा प्रश्न सरळ व्यवहाराने सोडवला. नेदरलँड्समध्ये गुठळी काढण्याचे पैसे विम्यातून मिळायचे ते रुग्ण चाचणीत असेल तरच. त्यामुळे बाहेरची वाट बंद झाली आणि १६ केंद्रांतून ५०० रुग्ण मिस्टर क्लीन या चाचणीत आले. आधी अँजिओत मोठ्या धमनीतली गुठळी दिसलीच पाहिजे, सहा तासांच्या आत उपचार सुरू झाला पाहिजे, आणि बहुतेकांत जाळीचा रिट्रीव्हर. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये इस्तंबूलला निकाल जाहीर झाला: स्वतंत्रपणे जगू शकणारे नळीच्या गटात ३२.६ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात १९.१ टक्के. आमच्या क्षेत्रातला हा सगळ्यात मोठा दिवस, असं मी बेधडक म्हणतो.

आता त्याच चाचणीतला दुसरा आकडा बघा. नळीच्या गटात धमनी चांगली उघडली ती जवळपास ५९ टक्के रुग्णांत, आणि स्वतंत्र झाले ३३ टक्के. मधले २६ टक्के कुठे गेले? त्यांची धमनी उघडली, स्क्रीनवर सुंदर चित्र आलं, पण माणूस परत आला नाही. म्हणून कुठल्याही नातेवाइकाने ‘धमनी ९० टक्के उघडली’ या वाक्यावर खूश होऊ नये, असं मला वाटतं. तीन महिन्यांनी काय, ते विचारा.

ते कसं मोजतात हेही सांगतो. जॉन रँकिन नावाच्या ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये एक साधी मोजपट्टी दिली, तीच सुधारून आजही वापरतात. ० म्हणजे काहीच त्रास नाही, ६ म्हणजे मृत्यू. मिस्टर क्लीनमध्ये ९० व्या दिवसाच्या सुमारास एक प्रशिक्षित व्यक्ती फोन करायची. रुग्ण कोणत्या गटात होता हे तिला माहीत नसायचं. चालताना कुणाचा हात धरावा लागतो का, आंघोळ-कपडे कोण करतं, बँकेचं, बाजाराचं काम स्वतः जमतं का, पूर्वी करायचे ते सगळं करतात का, असे प्रश्न. २ म्हणजे पूर्वीचं सगळं जमत नाही, पण स्वतःचं स्वतः पाहतो. ३ म्हणजे चालतो आपला आपण, पण कामांना मदत लागते. घरच्यांना विचाराल तर २ आणि ३ मधलं अंतर म्हणजे आई किंवा सून नोकरी सोडते की नाही, एवढं मोठं असतं.

मिस्टर क्लीननंतर बाकीच्या चाचण्यांनी लगेच मधला हिशेब करून पाहिला आणि एकामागून एक थांबल्या; या वेळी जिंकल्या म्हणून. त्यात कॅनडातल्या कॅल्गरीहून चालवलेली एस्केप मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले मयंक गोयल तिच्या प्रमुखांपैकी एक. त्यांनी दोन अटी घातल्या: आजूबाजूच्या धमन्यांतून मिळणारा पर्यायी रक्तपुरवठा बरा असलेले रुग्णच घ्यायचे आणि सीटी झाल्यापासून तासाभरात जांघेत सुई गेली पाहिजे. प्रत्यक्षात हा वेळ मध्यमानाने ५१ मिनिटं आला. निकाल: ५३ टक्के विरुद्ध २९.३ टक्के स्वतंत्र, आणि मृत्यू १९ टक्क्यांवरून १०.४ टक्क्यांवर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची एक्स्टेंड-आयए, अमेरिका-युरोपातली स्विफ्ट प्राइम आणि कॅटालोनियातली रेव्हास्कॅट यांचे निकालही त्याच बाजूने. पाचही चाचण्यांचे १२८७ रुग्ण एकत्र केले तेव्हा दिसलं की साधारण अडीच-तीन रुग्णांची गुठळी काढली की त्यातल्या एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने कमी होतं. वैद्यकात इतका फायदा देणारे उपचार फार थोडे आहेत. तुमच्या वडिलांना मिळालं ते याच पुण्याईवर.

पुढचं भराभर सांगतो. २०१७-१८ मध्ये डॉन आणि डिफ्यूज ३ या चाचण्यांनी दाखवलं, की मेंदूचा वाचवण्याजोगा भाग स्कॅनमध्ये शिल्लक दिसत असेल तर सहा तासांनंतरही, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत, गुठळी काढून उपयोग होतो. डॉनमध्ये स्वतंत्र झालेले ४९ टक्के विरुद्ध १३ टक्के. मग चीनमधल्या दोन चाचण्यांनी मेंदूच्या मागच्या बॅसिलर धमनीचा प्रश्न बराचसा सोडवला, आणि जपानपासून सुरू झालेल्या मालिकेने मेंदूचा मोठा भाग गेलेला असतानाही काहींना फायदा होतो हे सिद्ध केलं. असं वाटायला लागलं, की गुठळी दिसली की काढा.

तर २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा चपराक. मधल्या आणि बारीक धमन्यांतल्या गुठळ्यांवर डिस्टल आणि एस्केप-मेव्हो अशा दोन चाचण्यांचे निकाल एकदमच आले, दोन्हींत मिळून हजारावर रुग्ण. नळीने फायदा नाही. एस्केप-मेव्होमध्ये तर उत्तम बरे झालेले नळीच्या गटात ४१.६ टक्के आणि नुसत्या औषधांत ४३.१ टक्के. दोन्ही चाचण्या गुठळी काढणाऱ्यांनीच केल्या होत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता काकांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे.

मेंदूच्या आतल्या अरुंद धमनीत स्टेंट घालायची कल्पना हृदयावरून आली आणि तर्काला ती अगदी पटणारी होती. विंगस्पॅन नावाच्या स्टेंटला अमेरिकेत २००५ मध्ये मर्यादित परवानगी मिळाली आणि तो धडाधड बसू लागला. मग मार्क चिमोविट्झ आणि सहकाऱ्यांनी सॅम्प्रिस चाचणी केली. रुग्ण नेमके तुमच्या काकांसारखे: ७० ते ९९ टक्के अडथळा आणि महिन्याभरात स्ट्रोक किंवा स्ट्रोकचा इशारा. एका गटाला कडक औषधोपचार, दुसऱ्याला तोच औषधोपचार आणि वर स्टेंट. ४५१ रुग्ण झाले तेव्हा, २०११ च्या एप्रिलमध्ये, नवीन रुग्ण घेणं थांबवावं लागलं. पहिल्या ३० दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू: औषधांच्या गटात ५.८ टक्के, स्टेंटच्या गटात १४.७ टक्के. स्टेंटच्या गटातल्या ३३ स्ट्रोकपैकी २५ प्रक्रियेनंतर एका दिवसाच्या आत झाले, आणि १० रक्तस्रावाचे होते. दुसऱ्या गटात त्या महिन्यात रक्तस्रावाचा एकही नाही.

असं का व्हावं? मेंदूच्या या धमन्यांच्या भिंतीतून केसाएवढ्या बारीक शाखा निघतात आणि मेंदूच्या खोल भागांना रक्त देतात. आत साठलेला थर स्टेंटने दाबला की तो या शाखांच्या तोंडात सरकतो. गवंड्याने ओल्या गिलाव्यावर थापी दाबली की माल बाजूच्या भोकांत जाऊन बसतो तसा. मोठी धमनी उघडते, बारीक शाखा बंद होतात. हृदयाभोवतीच्या धमन्यांना बाहेरून स्नायूचा आधार असतो. मेंदूच्या धमन्या पाण्यात तरंगतात आणि भिंतीही पातळ, म्हणून तार जरा पुढे सरकली तरी भोक पडू शकतं. त्यात काकांसारख्या रुग्णाला स्ट्रोक किंवा त्याचा इशारा नुकताच मिळालेला असतो, आतला थर ताजा, ठिसूळ असतो.

पण सॅम्प्रिसची जी बाजू लोक विसरतात ती मला जास्त मोलाची वाटते. औषधांच्या गटाचा निकाल कुणाच्याही अपेक्षेपेक्षा चांगला आला. त्यांनी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या नव्हत्या. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन, पहिले ९० दिवस जोडीला तशाच कामाची क्लोपिडोग्रेल, वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली, वरचं बीपी १४० च्या आत, मधुमेह असेल तर १३० च्या आत, आणि व्यायाम, वजन, तंबाखू यांसाठी नेमलेला माणूस नियमित फोन करून पाठपुरावा करायचा. पुढे विश्लेषणात दिसलं, की चालणं-व्यायाम करणाऱ्यांचा निकाल सगळ्यात चांगला होता. आपल्याकडे ‘गोळ्या घ्या’ याचा अर्थ मेडिकलमधून पट्टी आणणं एवढाच होतो. काकांचं बीपी १६० वर आणि कोलेस्टेरॉल दोन वर्षांपूर्वी तपासलेलं असेल, तर त्यांच्यावर औषधोपचार चालू आहे असं मी मानत नाही.

स्टेंटच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. सॅम्प्रिसमध्ये हात बसलेले डॉक्टर सगळीकडे नव्हते, घाई झाली, चुकीचे रुग्ण निवडले, असं ते म्हणतात. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१२ मध्ये निकष कडक केल्यावर १५२ रुग्णांची नोंद ठेवली गेली, तीत पहिल्या तीन दिवसांतला धोका फक्त २.६ टक्के निघाला. छान आकडा, पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता. चीनमध्ये ही शंका चाचणीनेच तपासली गेली: अनुभवी केंद्रं, स्ट्रोकनंतर निदान तीन आठवडे थांबून स्टेंट, बारीक शाखांचा स्ट्रोक असलेले वगळले, ३५८ रुग्ण. २०२२ मध्ये निकाल आला. वर्षभरातल्या स्ट्रोक-मृत्यूसारख्या ठरवलेल्या घटना: स्टेंटच्या गटात ८ टक्के, औषधांच्या गटात ७.२ टक्के. म्हणजे नुकसान टळलं, फायदा मात्र नाहीच.

तुम्हाला विचारलेल्या बलूनच्या अभ्यासाचं मूळ २०२४ च्या बेसिस या चिनी चाचणीत असावं. स्टेंट न घालता, धमनीच्या व्यासापेक्षा लहान बलून हळूहळू फुगवायचा. ५०१ रुग्ण, वर्षाअखेर ठरवलेल्या घटना (स्ट्रोक, मृत्यू वगैरे) बलूनच्या गटात ४.४ टक्के, औषधांच्या गटात १३.५ टक्के. या प्रश्नावर नळीच्या बाजूने आलेला हा पहिला भक्कम निकाल. तरी माझ्या दोन शंका आहेत. मोजलेल्या घटनांमध्ये ‘पुन्हा धमनी उघडावी लागली’ हीही एक होती, आणि तो निर्णय घेणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक होतं. दुसरं, पहिल्या महिन्यात स्ट्रोक किंवा मृत्यू बलूनच्या गटात ३.२ टक्के होता, औषधांत १.६, आणि बलून केलेल्या १४.५ टक्के रुग्णांत धमनीच्या भिंतीला चीर गेली. अशा वेळी दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी तीच चाचणी पुन्हा करणं योग्यच. म्हणून अभ्यासाला ‘प्रयोग’ म्हणून नाक मुरडू नका. कुठल्याही चाचणीत नसलेला एखादा डॉक्टर ‘करून टाकू’ म्हणाला, तर खरा प्रयोग तो.

मानेतल्या कॅरोटिड धमनीचं गणित वेगळं आहे हे लक्षात असू द्या, कारण ओळखीतलं कुणीतरी ‘मला मानेत स्टेंट घातला, मस्त आहे’ असं सांगेलच. त्याचा स्ट्रोक झाला असेल आणि अडथळा ७० टक्क्यांवर असेल तर मानेची धमनी साफ करण्याचा फायदा १९९१ पासून सिद्ध आहे. २०१० च्या क्रेस्ट चाचणीत शस्त्रक्रिया आणि स्टेंट एकंदरीत तोडीस तोड ठरले, वयस्करांत शस्त्रक्रिया बरी. मूत्रपिंडाच्या धमनीत मात्र उलट: कोरल चाचणीने २०१४ मध्ये दाखवलं की चांगल्या औषधांवर स्टेंटची भर घालून बहुतेकांना काही मिळत नाही.

अभ्यासात नाव घालायचं का, हे काकांनी ठरवायचं. जाण्यापूर्वी सीटीआरआयचा, म्हणजे भारताच्या चाचणी नोंदवहीचा क्रमांक मागा. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि क्रमांक टाकून इंटरनेटवर सगळं वाचता येतं. संमतिपत्र मराठीत मागा, घरी आणा, घाईने सही नको. बलूनच्या गटात न आल्यास औषधं, तपासण्या, पाठपुरावा कोण करणार, किती दिवस? बलून करणाऱ्या डॉक्टरांनी मेंदूच्या आतल्या अशा किती केसेस केल्या आहेत, त्यांत पहिल्या महिन्यात काय झालं? इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? हे प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर वैतागतो, त्याच्याकडे मी माझ्या घरच्याला पाठवणार नाही. कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडता येतं, आणि त्याचा नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये, हेही त्या कागदात लिहिलेलं असलं पाहिजे.

काका कुठल्याही बाजूला गेले तरी एक गोष्ट आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या: क्लोपिडोग्रेल कोणत्या तारखेला बंद करायची. तीन महिन्यांसाठी दिलेली ही जोडगोळी कुणी थांबवलीच नाही म्हणून तीन-तीन वर्षं चाललेले आणि पोटातून रक्तस्राव होऊन आलेले रुग्ण मी नेहमी पाहतो. आणि हात पुन्हा बधिर झाला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले, तर ‘मागच्या वेळीही आपोआप गेलं होतं’ म्हणून थांबू नका. वडिलांना जिथे नेलं होतं तिथेच, तितक्याच घाईने न्या.